गाळणीवाल्याचा बिनआवाजी व्हिडिओ

नाही, पण मला एक सांगा, आवाज बंद करायचा म्हणजे काय? माणसाला पाठमोरा बसवा, त्याचा चेहरा झाका, हात झाका, मी समजू शकतो, पण माझा आवाज? अहो, देवाने मला रूप दिलं नाही, उंची दिली नाही, शिक्षण सातवीपर्यंत दिलं आणि तेही परत मागून घेतलं, उरली काय तर ही जीभ, आणि सात मिनिटांचा व्हिडिओ, त्यात सातही मिनिटं मी जीव तोडून बोलतोय, आणि दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या टीव्हीवर माझं नुसतं तोंड उघडतंय आणि मिटतंय, काचेच्या पेटीतल्या माशासारखं. मी सिस्टरना विचारलं, अहो, आवाज? तर त्या सुई भरता भरता म्हणाल्या, "काका, आवाज ठेवला तर पुकारलेला नंबर कुणाला ऐकू येत नाही." झालं, संपला विषय. मी म्हटलं, अहो, यात लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, ही किडनी वाचवायची माहिती आहे, नंबर काय, पाच मिनिटांनी पुन्हा पुकारता येईल… पण माझं ऐकतंय कोण?

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. माझं भांड्यांचं दुकान. झाकण्या, डबे, पातेली, चाळण्या, आणि चहाच्या गाळण्या एवढ्या प्रकारच्या की गिऱ्हाईक आधी गोंधळतं आणि मग दोन घेऊन जातं. धंदा कुणी शिकवला नाही, काउंटरमागे उभा राहून शिकलो. एकदा एक गृहस्थ शेजारच्या केस कापणाऱ्याचं दुकान कुठे म्हणून विचारायला आले, बोलता बोलता तीन कप्प्यांचा डबा घेऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात रस्त्यात दिसले तेव्हा केस तसेच वाढलेले आणि हातात डबा. असा मी. पण माझ्या घरात एक बाई आहे, चौतीस वर्षं माझ्याबरोबर राहते, आणि तिला मी आजपर्यंत एक साधी गोष्ट गळी उतरवू शकलेलो नाही. छत्री घे म्हटलं की ती विसरणार. बस म्हटलं की उभी राहणार. तुम्ही म्हणाल, सगळ्यांच्याच घरी असं असतं. असतं हो. पण यातली एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती.

हिची मोठी बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. साखरेचा आजार जुना, रक्तदाब जुना, आणि बाई इतकी सोशिक की कुठे दुखत नाही ना, मग कशाला तपासा. कळलं तेव्हा उशीर झालेला. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या की पाच वर्षांपूर्वी एक कपभर लघवी आणि एक नळीभर रक्त तपासलं असतं तर ही वेळ कदाचित आली नसती. आमची ही दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं. आणि तुम्हाला काय वाटतं, हिने धावत जाऊन स्वतःची तपासणी केली असेल? हिलाही साखर आहे, अकरा वर्षं आहे, आक्कापेक्षा चारच वर्षांनी लहान. तर उलटच झालं. हिने दवाखान्याची पायरी चढणंच सोडलं. मला काय धाड भरलीय, म्हणते. डॉक्टरीणबाईंनी हिच्या नावाने तपासणीची चिठ्ठी दिली होती, ती मला एकदा काडेपेटी शोधताना स्वयंपाकघरातल्या फळीवर, खाली अंथरलेल्या कागदाच्या आत सापडली. तारीख दहा महिन्यांपूर्वीची. घडी इतक्यांदा उघडून मिटलेली की मधोमध कागद फाटायला आलेला. म्हणजे ती चिठ्ठी विसरली नव्हती हो, ती रोज काढून बघत होती. मी होती तशी ठेवून दिली आणि काडेपेटी सापडली नाही म्हणून बाहेर येऊन ओरडलो. घाबरलेल्या माणसाला घाबरलीस का म्हणून विचारायचं नसतं, एवढं दुकानात उभा राहून कळतं मला. दुसऱ्या दिवसापासून आडून आडून सांगायला लागलो, तपासणीचे फायदे, अमक्याला वेळेवर कळलं, तमक्याला कळलं नाही… पण माझं ऐकतंय कोण? ती भाजी चिरत राहायची, आणि मी फारच बोललो तर सुरीचा आवाज वाढायचा.

बरं, आक्काला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे. ती आत यंत्राला जोडलेली, मी बाहेर चार तास बसलेलो. आता मला सांगा, चार तास मी गप्प बसू? माझ्या खिशात नमुन्याला म्हणून एक गाळणी कायम असते. ती काढायची आणि शेजारच्याला समजवायला लागायचं. हे बघा, म्हणायचं, किडनी म्हणजे काय तर गाळणी. रक्त येतं, गाळलं जातं, नको ते खाली, हवं ते वर. आता ही गाळणी तुम्ही रोज साखरेच्या पाकातून काढलीत, वर रक्तदाबाचा जोर लावलात, धो धो नळाखाली धरल्यासारखा, तर काय होईल? जाळी सैल पडेल. जाळी सैल पडली की चहापत्ती कपात उतरते, तसंच किडनीचं, तिची जाळी सैल झाली की अंगातलं प्रोटीन लघवीतून निघून जायला लागतं, आणि गंमत म्हणजे दुखत काहीच नाही. गाळणी कधी ओरडलीय का? म्हणून तपासायचं. मीठ कमी, साखर आणि रक्तदाब आटोक्यात, आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. चहाची गाळणी बिघडली तर माझ्याकडे या, दुसरी देतो, पण आतली बिघडली तर माझं दुकान त्या कामाचं नाही.

एक दिवस डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता बाहेर काढतात. तर म्हणाल्या, मी पंधरा वर्षं हेच सांगते, लोक मान डोलावतात आणि इथून निघून सरळ मेडिकलच्या दुकानात गुडघेदुखीची गोळी घ्यायला जातात. आपण याचा व्हिडिओ करू, तो इथे दिवसभर चालेल, बोलाल का तुम्ही? मी जरा विचार करतो असं दाखवलं. ज्याने आधीच घ्यायचं ठरवलंय असं गिऱ्हाईक जेवढा वेळ भांडं उलटसुलट करून बघतं ना, तेवढाच वेळ. कारण माझ्या मनात भलताच हिशोब सुरू झाला होता. आमची ही माझं ऐकत नाही, पण टीव्हीवरच्या माणसाचं ऐकते. टीव्हीवरच्याने सांगितलं उद्या पाऊस, की ही कडक उन्हात वाळत घातलेले कपडे आत आणते. म्हणजे मला फक्त टीव्हीच्या आत जायचं होतं.

व्हिडिओ काढायला जो माणूस आला तो लग्नाचे व्हिडिओ काढणारा. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीत तोच होता. रविवारी दुकान बंद ठेवून मी पातेल्यांच्या उतरंडीपुढे उंच स्टुलावर बसलो, तर हा म्हणतो, "काका, जरा खाली बघून हळूच वर बघा." मी म्हटलं, कुणाकडे? तर म्हणतो, सॉरी, सवय आहे. अहो, त्याला लग्नाची इतकी सवय की मी किडनीबद्दल बोलतोय आणि हा माझ्या बुटांचं चित्रण करतोय. नवरदेवाचे बूट घ्यावेच लागतात म्हणे. मग नवरदेवाचे हात, नवरदेव बाह्या सारख्या करताना, नवरदेव घाम पुसताना, याला तो तयारीचे क्षण म्हणतो. मी मोजे वर ओढले, तेही घेतलं. सुरू करायच्या आधी मी माझी गोळी घेतली, तेही त्याने टिपलं.

कुठली गोळी म्हणता? गुडघ्याची हो. पस्तीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, एक सकाळी आणि एक चारच्या चहाबरोबर, समोरचा मेडिकलवाला मला येताना बघूनच पट्टी काढून ठेवतो. आणि ती गोळी गिळून, तोंड पुसून, गाळणी हातात उंच धरून मी काय बोललो? की अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तुम्ही हसताय. पण मला खरंच त्यात काही वावगं वाटलं नाही. ते बोलणं गिऱ्हाइकांसाठी होतं. भांडीवाला काय स्वतःच्या घरी दुकानातली नवी पातेली वापरतो? आमच्या घरी अजून कान तुटलेलंच आहे.

तर असा तो व्हिडिओ तयार झाला, आणि लागला, आणि आवाज बंद. आता आवाजाविना काय दिसतं त्यात? एक जाडा माणूस भांड्यांच्या ढिगापुढे बसून गाळणी नाचवतोय, मधेमधे कमरेला हात लावून किडनी कुठे ते दाखवतोय, पुन्हा गाळणी. तुम्ही काय समजाल? तिसऱ्या दिवशी एक आजोबा दुकानात आले, हळू आवाजात म्हणाले, ती कमरेची गाळणी द्या. मी म्हटलं, कमरेची? तर म्हणाले, दवाखान्यात दाखवतात ती. मग एक बाई आल्या, जेवणाआधी वापरायची की नंतर? एकाने तर मोठ्या माणसाला कुठल्या मापाची लागेल ते विचारलं, आणि कंबर मोजायला टेपही आणलेली. मी डोक्याला हात लावला. प्रत्येकाला स्टूल दिलं, बसवलं, समजावलं की बाबांनो, ही चहाचीच आहे, तुम्ही लघवी आणि रक्त तपासून घ्या. ते सगळं ऐकून घ्यायचे, आणि उठताना म्हणायचे, बरं, पण असू द्या एक. मी नाही म्हणत होतो, हात जोडत होतो… पण माझं ऐकतंय कोण? त्या आठवड्यात गाळण्या संपल्या. आयुष्यात पहिल्यांदा माल संपल्याचं मला वाईट वाटलं.

पण माझं खरं गिऱ्हाईक अजून यायचं होतं. मी काय केलं, एके दिवशी घरी सांगितलं की आज दुकानात नवा माल यायचाय, मला निघता येणार नाही, आक्काला तू घेऊन जा. सिस्टरना आदल्या दिवशी गाठून विनवलं की उद्याच्या एका दिवसापुरता आवाज ठेवा, माझी बायको येणार आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काय समजायचं ते समजल्या, म्हणाल्या, ठेवीन काका. मी दिवसभर दुकानात, पण लक्ष सगळं तिकडे. आता बसली असेल. आता लागला असेल. सात मिनिटांचा व्हिडिओ, चार तास, म्हणजे तीसेक वेळा तरी लागणार, अहो, दगडालासुद्धा पाझर फुटेल. चार वाजता मी खुशीत गोळी घेतली.

संध्याकाळी घरी गेलो. ही स्वयंपाकघरात. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय, बघितलास का व्हिडिओ? हो म्हणाली. कसा वाटला? तिने ताट वाढलं, समोर बसली, आणि मी जेवताना माझ्याकडे बघत राहिली. चौतीस वर्षांत असं बघितलं नव्हतं. मला वाटलं, लागू पडला आपला व्हिडिओ. पहिला घास घेतला तर जेवणात मीठच नाही. मी म्हटलं, मीठ दे गं. तर म्हणाली, "आधी मोजे काढा."

मी म्हटलं, काय?

"मोजे काढा तुमचे."

मी काढले. ती खाली बसली, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठ्याने दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच. मोज्याच्या पट्टीची खूण तर करगोट्याएवढी खोल. ती म्हणाली, सकाळपासून तीस वेळा बघितलं मी हे. तुम्ही स्टुलावर बसता, मोजे वर ओढता, आणि पाय असे फुगलेले. डोळ्यांखाली बघितलंत कधी आरशात? आणि ती गोळी, ती रोज घेता?

मी म्हटलं, अगं, पण मी काय बोलतोय ते ऐकलंस का त्यात? ते तुझ्यासाठी होतं.

"आवाज कुठे होता? सिस्टर ठेवत होत्या, पण लोक ओरडले, नंबर ऐकू येत नाही म्हणून." आणि मग पाय तसाच धरून, अगदी हळू म्हणाली, "आवाज असता ना, तर मला दिसलंच नसतं. तुम्ही बोलायला लागलात की मी तुमच्याकडे बघायचंच सोडून देते."

 डोक्यावर केस वाढलेल्याला डबा विकणारा मी, खाली वाकलो आणि स्वतःचाच दुसरा पाय दाबून बघितला. तिथेही खळगा, आणि सुजेचा अर्थ काय ते त्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला मीच सांगितलंय.

ती म्हणाली, उद्या सकाळी चला तपासायला. आणि तुम्हाला सांगतो, पाय सुजलेला, जीव घाबरलेला, तरी आतला दुकानदार जागा झाला. मी म्हटलं, एकटा येणार नाही. तू तपासलंस तर मी तपासेन. ती म्हणाली, माझा काय संबंध? मी म्हटलं, जोडीनेच, नाहीतर राहू दे. तिने माझा पाय खाली ठेवला, उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि फळीवरचा कागद सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा ती चिठ्ठी हातात होती. मी पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा केला. म्हणाली, "माझंही आक्कासारखं निघालं तर?" मी म्हटलं, तर आपण दोघं मिळून बघू. एवढंच सुचलं. माझ्या सगळ्या बोलण्यात तेवढं एकच वाक्य तिने ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी गेलो. दोघांच्या हातात एकेक झाकणाची डबी, रांगेत उभे, जणू दूध आणायला आलोय. समोर टीव्हीवर मी, गाळणी घेऊन. एकाने मला ओळखलं आणि विचारलं, काका, ती स्टीलची घेऊ की प्लॅस्टिकची? मी तोंड उघडायच्या आत हिनेच त्याला सांगितलं, चहासाठी आहे ती, तुम्ही आधी नळीभर रक्त द्या. आणि तो गेला हो सरळ आत. माझ्या सात मिनिटांनी जे झालं नाही ते हिच्या एका वाक्याने.

संध्याकाळी रिपोर्ट आले. हिचा चांगला. जाळी घट्ट, प्रोटीन नाही, साखर जराशी वर, एवढंच. ती बाकावर बसली आणि पदराने नव्हे, हाताच्या पंजाने डोळे पुसले, दोन्ही डोळे एकदम, लहान मुलीसारखे. मग माझा उघडला. माझ्या लघवीत प्रोटीन, रक्तदाब बराच वर, क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात गाळायचा राहिलेला कचरा, किंचित वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, तुमच्या व्हिडिओत काय म्हटलंय तुम्ही गोळ्यांबद्दल? मी खाली बघितलं, आणि त्या लग्नवाल्याला हवं होतं तसं हळूच वर बघितलं. त्या म्हणाल्या, वेळेवर आलात, अजून हातात आहे. ती गोळी आजपासून बंद, गुडघ्यांसाठी व्यायाम देते, मीठ कमी, रक्तदाबाचं औषध रोज, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं. पुढचं ऐकून मात्र माझा धीर सुटला. रक्तदाब घरी मोजायचा, रोज सकाळी. आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, आणि बोलायचं नाही. पट्टा हाताला असेपर्यंत एक शब्द नाही. तुम्ही बोललात की आकडा चढतो.

मी म्हटलं, डॉक्टर, मीठ तोडतो, गोळ्या तोडतो, पण हे… त्या म्हणाल्या, पाचच मिनिटं. आमची ही मागे उभी राहून हसत होती. आक्काचं कळल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हापासून रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत मी, हाताला पट्टा, तोंड मिटलेलं. पहिले दोन दिवस ही पण गप्प बसली. तिसऱ्या दिवशी सहज काहीतरी बोलली, आणि मधे कुणी तोंड घालेना, म्हणून पुढे बोलली. लहानपणी आक्का तिला कडेवर घेऊन शाळेत जायची, त्या शाळेची घंटा फुटकी होती आणि तिचा आवाज कसा यायचा, ते तिने तोंडाने करून दाखवलं. मी चौतीस वर्षांत ही घंटा ऐकली नव्हती. मग एक दिवस तिने सांगितलं की लग्नानंतर पहिल्या वर्षी ती फार रडायची, आणि मला कळायचं नाही, कारण मी दुकानातल्या गमती सांगत असायचो. मला म्हणायचं होतं, अगं, मग सांगायचं नाही का? पण हाताला पट्टा. मग तिला पोहायला शिकायचं होतं ते. मग दवाखान्यात आक्काच्या शेजारची खाट रिकामी दिसली की तिला काय वाटतं ते. मी नुसता बसून. हं म्हणायचीसुद्धा सोय नाही. आणि तुम्हाला सांगतो, छान बोलते हो. कुठे थांबावं ते तिला कळतं. माझ्यापेक्षा चांगली गोष्ट सांगते, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय.

तीन महिन्यांनी परत तपासलं. प्रोटीन उतरलेलं, क्रिएटिनिन खाली आलेलं, पायांची सूज गेली. ही तेव्हा आत आक्काजवळ होती, मी एकटाच डॉक्टरीणबाईंसमोर. त्या म्हणाल्या, आकडे फार छान आहेत, औषध चालू ठेवा, पण रक्तदाब आता रोज मोजायची काही गरज नाही. आठवड्यातून एकदा मोजलात तरी पुरे.

बाहेर आल्यावर हिने विचारलं, काय म्हणाल्या?

आता तुम्हीच सांगा, काय सांगणार मी? त्या सकाळी तिची गोष्ट नेमकी अर्ध्यावर आलेली. मी म्हटलं, म्हणाल्या, सगळं ठीक आहे, फक्त… यापुढे दिवसातून दोनदा मोजा.